दार फाळणीचा सण

आमच्या आजीच्या तोंडी रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती ‘नव्याचा सण’ म्हणायची. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, हा तिचा ‘दार फाळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, पुरीम, म्हणजे एस्तेर राणीनं यहुद्यांना वाचवल्याचा सण, हा ‘होळीचा सण’ आणि पेसाह, म्हणजे वल्हांडण, हा ‘अनशी ढाकाचा सण’. नव्याच्या सणानंतर लगेच एक ‘खिरीचा सण’ यायचा, त्याला तर सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, छापील दिनदर्शिकेत नावच नव्हतं. उपासांना ती रोजे म्हणायची. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास हा तिचा ‘बिरड्याचा रोजा’, कारण संध्याकाळी तो केळीच्या पानावर वाढलेल्या वालाच्या बिरड्यानं सुटायचा. लहानपणी मला वाटायचं की आजीचे सण वेगळे आणि हझ्झान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, सांगतात ते वेगळे, आणि दोन्ही एकाच दिवशी येतात हा नुसता योगायोग.

आम्ही बेने इस्रायल. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, मराठी बोलणारे यहुदी. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच माती दिली, असं आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो आहोत. नवगावची दफनभूमी आजही आहे. ग्रंथ समुद्रात गेले. हाताशी उरला तो तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाववाले आम्हाला शनिवार तेली म्हणू लागले. प्रार्थना म्हणून शेमाच्या, म्हणजे ‘ऐक, इस्राएला’ या मूळ प्रार्थनेच्या, एक-दोन ओळी शिल्लक राहिल्या आणि सुंता असो, लग्न असो, मयत असो, त्याच म्हटल्या जायच्या. पुढं कोचीकडून दाविद राहबी आला, त्यानं या लोकांना ओळखलं, शिकवलं, त्यांना पुन्हा ग्रंथाशी जोडून दिलं, असंही परंपरा सांगते.

आजीच्या सणांची ही यादी तिची एकटीची नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात ही सगळी नावं आहेत. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भर वाचनालयात आजीचा आवाज ऐकू आला. त्या यादीत हनुक्का मात्र नाही. मक्काबी घराण्यातल्या बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं त्याचा तो सण; ते घडलं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, आणि ती गोष्टच आमच्या लोकांना ठाऊक नव्हती. त्यावरून काही जण म्हणतात की पूर्वज त्याच्याही आधी निघाले असावेत. सिद्ध झालेलं नाही. पण माहीत नसलेल्या सणावरून माणसं कधी घर सोडून निघाली याचा माग काढता येतो, ही कल्पना माझ्या मनातून जात नाही.

आणि माहीत असलेले सण? अनशी ढाकाचा सण घ्या. अनस म्हणजे आंबट रसाचं मडकं. वर्षभर घरात ते आंबत असायचं, कालवणाला लागायचं. पेसाहच्या आठ दिवसांत त्याचं तोंड झाकून ठेवायचं. ग्रंथात लिहिलंय की इजिप्त सोडताना पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून सण संपेपर्यंत घरात आंबवलेलं काही ठेवू नका. कोकणात तांदळाची भाकरी. ती कधी फुगवली नव्हती, तेव्हा तिचा प्रश्नच नव्हता. इजिप्तची गोष्ट विसरली गेली, लोकांना तिथून बाहेर काढणारा मोशे विसरला गेला असेल, पण वर्षातल्या एका पौर्णिमेपासून आठ दिवस आंबट मडक्यावर झाकण ठेवायचं हे विसरलं गेलं नाही. कुणाच्या हातांनी ते झाकण शेकडो वर्षं धरून ठेवलं? लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या. हझ्झान नसलेल्या गावांत, एकेकट्या घरांत. मला याच्यापुढं मोठमोठे ग्रंथ थिटे वाटतात आणि हे मी ग्रंथांवर प्रेम करणारा माणूस म्हणून म्हणतोय.

ती पौर्णिमा त्यांना कशी सापडायची, हा मात्र खरा प्रश्न आहे. पंचांग नाही, जेरुसलेमहून निरोप येण्याची सोय नाही. त्याचं उत्तर आजीच्या नावांतच आहे. पुरीमला ती होळीचा सण म्हणते, कारण अदार महिन्याची पौर्णिमा ही बहुतेक वेळा आपली फाल्गुनी पौर्णिमा असते. शेजारी होळी पेटली की आमच्याकडे पुरीम. तिथून एक चंद्र मोजला की निसानची पौर्णिमा, म्हणजे चैत्रातली हनुमान जयंतीची, म्हणजे मडकं झाकायचा दिवस. महाराष्ट्रात महिना अमावास्येनंतर सुरू होतो, हिब्रू महिनाही तसाच. त्यामुळं शुद्ध दशमी ती महिन्याची दहावी तारीख, इतका सोपा हिशेब. हिब्रूत महिन्याला ‘होदेश’ म्हणतात आणि त्याचा धातू ‘नवा’ या अर्थाचा आहे. म्हणजे महिना हाच मुळी नवा चंद्र. आजी सांगायची, तिच्या लहानपणी मोहल्ल्यात चांद दिसला की तिकडची पोरं ओरडत यायची आणि तिची आई दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारायची. रोजा आणि उरूस हे शब्द आमच्या बोलीत कुठून आले ते सांगायला नकोच. एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस आम्ही शेवात महिन्याच्या पौर्णिमेला करतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर, पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा घेऊन.

चंद्राची बारा फेऱ्यांची वर्षं ३५४ दिवसांची. सूर्याचं वर्ष त्याहून सुमारे अकरा दिवसांनी मोठं. हे अकरा दिवस भरून काढले नाहीत तर सण सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात, रमझानसारखे. आमच्या ग्रंथाला ते चालत नाही. पेसाह आवीवच्या महिन्यातच हवा, म्हणजे कणसं भरण्याच्या महिन्यात. म्हणून जसा आपल्याकडे धोंड्याचा महिना, तसा हिब्रू वर्षातही अधिक महिना येतो. एकोणीस वर्षांत सात वेळा. फरक इतकाच की आपला धोंडा चैत्रात येईल, श्रावणात येईल, आमचा नेहमी अदारच. २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षं अशी जुळून आली की बघत राहावं. २०२४ला ३ ऑक्टोबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी रोश हशाना, १२ ऑक्टोबरला दसरा आणि त्याच दिवशी योम किप्पूर. २०२५ला २ ऑक्टोबरला पुन्हा दसरा आणि योम किप्पूर एकत्र. २०२६ला ही जोडी तुटते. धोंडा ज्येष्ठात आणि आमचा अधिक अदार थेट २०२७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून मधल्या काळात आम्ही महिनाभर पुढं. रोश हशाना येईल १२ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. मग २०२७च्या होळीला पुन्हा गाठ पडेल.

आजीला हे एकोणीस आणि सात माहीत नव्हतं. तिला गहू माहीत होते.

नव्याच्या सणाला आमच्याकडे चिकाचा हलवा होतो. खपली गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना तो ओळखीचा आंबूस वास सुटतो आणि दाणा बोटांत चिरडला की पांढरं दूध येतं. मग पाट्यावर वाटायचे, धोतराच्या फडक्यातून पिळायचे, चीक रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. खाली जो घट्ट थर राहतो तो नारळाच्या दुधात साखर घालून चुलीवर चढवायचा आणि मग ढवळत बसायचं. आजी पाय पसरून बसायची, दोन्ही हातांनी उलथनं धरून. तास, दीड तास. हलवा कडेनं सुटू लागला, उलथन्यामागं पातेल्याचा तळ क्षणभर दिसायला लागला की ती मला हाक मारायची, वेलची कुटायला. मोठ्या ताटाला तूप लागायचं नाही, नारळाचंच तेल सुटलेलं असायचं. गुलाबी रंग, वर बदामाचे काप, आणि सुरी पाण्यात बुडवून पाडलेल्या चौकोनी वड्या.

म्हणजे हलवा सणाला हवा असेल तर गहू चार दिवस आधी भिजायला हवेत. तेव्हा चंद्र आकाशात नसतोच, असला तर पहाटेचा, झिजलेला. आजी तो पहाटेचा चंद्र बघायची. अंगणात तोंड धुताना पूर्वेला बघून म्हणायची, “आज गहू भिजवायचे.” ती चुकल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी बावीस-तेविसाव्या वर्षी पायाखाली तुडवलं. तेव्हा मी मुंबईत नोकरीला लागलो होतो आणि रात्री ग्रंथ वाचत होतो. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा तेविसावा अध्याय मला पाठ होता, ज्यात सगळे सण ओळीनं सांगितले आहेत. पहिल्या महिन्याच्या चौदाव्या संध्याकाळी वल्हांडण, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी शिंगांचा नाद, दहाव्याला प्रायश्चित्त, पंधराव्याला मांडवांचा सण. तिथं कुठं गणित नाही, कोष्टक नाही. आणि मिश्नात, म्हणजे रब्बींच्या, यहुदी धर्मगुरूंच्या, जुन्या नियमसंग्रहात वाचलं की मंदिराच्या काळी महिना सुरू व्हायचा तो साक्षीदारांच्या तोंडून. दोघांनी चंद्रकोर पाहिली की ते जेरुसलेमला धावत यायचे. एका मोठ्या चौकात त्यांची सोय असायची, पोटभर जेवण असायचं, म्हणजे लोकांना यायचा हुरूप राहावा. पुढं, मंदिर पडल्यावर, न्यायसभेचा प्रमुख रब्बान गमलिएल याच्या माडीवर भिंतीला चंद्राच्या आकारांची चित्रं लावलेली होती. तो अडाणी साक्षीदाराला विचारायचा, असा दिसला की असा? साक्ष पटली की न्यायसभा ‘पवित्र’ म्हणून जाहीर करायची आणि जैतुनांच्या डोंगरावर मशाली हलायच्या, त्या बघून सरताबाच्या शिखरावर, तिथून पुढच्या डोंगरावर, असं करत करत पार बाबेलपर्यंत. पुढं कुणी खोट्या मशाली पेटवू लागलं म्हणून माणसं पाठवावी लागली.

आजची दिनदर्शिका यातलं काही करत नाही. ती सरासरी चंद्रावर चालते, एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत २९ दिवस, १२ तास आणि एका तासाचे १०८० भाग केले तर त्यातले ७९३ भाग. हे गणित अफाट अचूक आहे, चौथ्या शतकात दुसरा हिल्लेल या धर्मप्रमुखानं ते खुलं केलं असं परंपरा मानते. पण ते अमावास्येच्या क्षणाचं गणित. डोळ्यांना कोर दिसते ती त्यानंतर, कधी एक दिवसानं, कधी त्याहून उशिरा. शिवाय रोश हशाना रविवारी, बुधवारी, शुक्रवारी येऊ द्यायचा नाही, असे नियम वर आहेत. तेव्हा मला वाटलं की आमचा सगळा समाज चुकीच्या दिवशी उपास करतो आणि एकट्याला हे कळलंय.

त्या वर्षी मी सणाला अलिबागला गेलो ते थेट समुद्रावर. इस्रायल आळीतून किनारा चालत थोड्या अंतरावर. पश्चिमेला कुलाब्याचा किल्ला, त्याच्या वर भाद्रपदातले ढग. पहिल्या संध्याकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी ढगांच्या फटीत, किल्ल्याच्या तटाच्या जरा डावीकडं, नखाएवढी कोर दिसली. पाच मिनिटं. मी रडलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जसं पाहिलं तसं मी पाहत होतो. घरी आलो तर हलव्याच्या वड्या आदल्या दिवशीच पडल्या होत्या. मी आजीला म्हटलं, सण आज आहे, काल नव्हता. ती म्हणाली, “बरं. पन मग पोरा, चांद बघूनच सन करायचा तर गहू कवा भिजवू?”

मला उत्तर सुचलं नाही. मी वडी खाल्ली नाही.

दहा दिवसांनी दार फाळणी आली. फाळणी म्हटलं की आज आपल्याला १९४७ आठवतं, पण आजीच्या बोलीत दार फाळणं म्हणजे दार लावून घेणं. तिच्या आईच्या काळात आदल्या संध्याकाळी गरम आणि मग गार पाण्यानं अंघोळ करून, पांढरे कपडे घालून, घरं बंद होत. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही, स्पर्श नाही, पाणी नाही. आजी आता सिनेगॉगला जायची, पण पांढरं लुगडं तेच आणि निघताना दाराला हात लावून थोडं थांबायची, तेही तसंच. घरातल्या सगळ्यांनी त्या दिवशी उपास केला. मी जेवलो. माझी दशमी दुसऱ्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार सकाळपासून उघडं असतं. भिकाऱ्यांना दान द्यायचं, नातेवाइकांकडं जायचं, कुणाशी अबोला असेल तर तो सोडायचा. मी माजघरात पांढरा सदरा घालून प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसलो होतो. आजी आली, माझ्याकडं पाहिलं, आणि जाऊन पुढचं दार लावून घेतलं. कडी घातली. मी म्हटलं, आजी, लोक येतील. ती बोलली नाही. पेणहून काका-काकू आले, त्यांना खिडकीतून म्हणाली, “आज नातवाची दार फाळणी हाय. उद्या या.” काका गोंधळून शेजारच्या घरी जाऊन बसले. मग ती माझ्यापासून हातभर अंतरावर चटईवर येऊन बसली. तिनं सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आदल्या दिवशी पंचवीस तास उपाशी राहिलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. मी विचारलं तर म्हणाली, “घरात येक मानूस उपाशी आन् म्या कशी खाऊ?”

दुपारी साडेतीनच्या सुमारास मी उठलो आणि दाराची कडी काढली.

त्याच मिश्नात, चंद्राच्या चित्रांच्या पुढच्याच परिच्छेदात एक गोष्ट आहे. ती मी आधीही वाचली होती, पण घाईत. दोन साक्षीदार आले. म्हणाले, आम्ही ठरल्या रात्री चंद्र पाहिला; पण त्याच्या पुढच्या रात्री तो दिसला नाही. हे अशक्य आहे. तरी रब्बान गमलिएलनं साक्ष मान्य केली. रब्बी येहोशुआ त्या काळचा मोठा विद्वान, त्याला ही साक्ष खोटी वाटली. त्याच्या हिशेबानं प्रायश्चित्ताचा दिवस एक दिवस उशिरा येत होता. गमलिएलनं त्याला निरोप धाडला: तुझ्या हिशेबानं ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशाचा कसा घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे पवित्र दिवशी जे करू नये ते सगळं करत ये. येहोशुआ कासावीस झाला. तेव्हा रब्बी अकिवानं त्याला शास्त्रवचन दाखवलं. ‘हे परमेश्वराचे नेमलेले सण, जे तुम्ही जाहीर कराल.’ वेळेवर असोत वा नसोत, याखेरीज दुसरे सण नाहीत. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावर पुढं झालेल्या चर्चांच्या ग्रंथात, हे आणखी एक पाऊल पुढं गेलंय. त्या वचनातला ‘त्यांना’ हा शब्द असा लिहिलाय की तो ‘तुम्ही’ असाही वाचता येतो. तुम्ही, चुकलात तरी. तुम्ही, जाणूनबुजून चुकलात तरी. तुम्ही, कुणी फसवलं तरी.

येहोशुआनं काठी घेतली, पैसे घेतले, आणि गेला. गमलिएल उठून उभा राहिला, त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, ये माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या.

मला येहोशुआची ती वाट दिसते. बरोबर असलेला माणूस, हातात काठी. गणित त्याचंच खरं होतं, हे मिश्ना कुठं नाकारत नाही. सणांसाठी हिब्रूत जो शब्द आहे, ‘मोएद’, त्याचा अर्थ ठरलेली वेळ आणि ठरलेली भेट. वाळवंटातल्या भेटीच्या मंडपालाही तोच शब्द आहे. भेटीला एकच जण पोहोचला तर तिला भेट कसं म्हणायचं? आणि तरी, चंद्र डोळ्यांनी बघणाऱ्यांना मी आज चूक म्हणणार नाही. रब्बींचे नियम न मानता थेट ग्रंथावर चालणारे कराइत यहुदी शतकानुशतकं कोर बघून महिना आणि जवाची कणसं बघून वर्ष धरत आले. कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीत, अकराव्या-बाराव्या शतकातले लग्नाचे करार सापडले, त्यात कराइत आणि रब्बी परंपरेतली माणसं एकमेकांशी लग्न करताना लिहून देतात की एक दुसऱ्याला त्याचे सण मोडायला लावणार नाही. एका छपराखाली दोन योम किप्पूर! त्या घरांतल्या स्वयंपाकघरांचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. कुणीतरी तिथंही खिडकीतून ‘उद्या या’ म्हणालं असेल.

अधिक महिन्याच्या बाबतीतही ती जुनी न्यायसभा नुसतं आकाश बघत नव्हती. जव तयार नसतील तर महिना वाढवा. रस्ते, पूल पावसानं खराब असतील, यात्रेकरू पोहोचणार नाहीत, तर वाढवा. गमलिएलनं दूरदेशीच्या यहुद्यांना पाठवलेलं एक पत्र तालमूदमध्ये आहे: पारवे अजून कोवळे आहेत, कोकरं लहान आहेत, कणसं भरायची वेळ झाली नाही, म्हणून मला आणि माझ्या सोबत्यांना बरं वाटलं की या वर्षात तीस दिवस घालावेत. मी हे वाचलं आणि मला चटकन आजी आठवली, पहाटे तोंड धुताना पूर्वेकडं बघणारी. तिच्या त्या प्रश्नात, गहू कवा भिजवू, हेच सगळं होतं.

आजी गेली त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आळीतली बरीचशी घरं बंद आहेत. १९५०च्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो, आज भारतात पाच हजारसुद्धा नाही. लोद, अश्दोद, बेअरशेवा, दिमोना, तिकडं आता जास्त मराठी ऐकू येतं. माझी बहीण अश्दोदला असते. इस्रायलमध्ये पेसाह सात दिवसांचा, बाहेर आठ, कारण निरोप्ये वेळेत पोहोचायचे नाहीत म्हणून बाहेरच्यांनी शंकेखातर एक दिवस जास्त पाळायची रीत पडली आणि गणित आल्यावरही मोडली नाही. दर वर्षी आठव्या दिवशी तिचा फोन येतो. “आमचं सुटलं रे, पाव खातेय. तुमचं अजून आहे ना?” मी म्हणतो आहे. मग ती म्हणते, “थांब, मग मी पण खात नाही.” आणि खरंच पाव बाजूला ठेवते, की ठेवला असं सांगते, मला माहीत नाही. तिनं हे कुणाकडून घेतलं ते मला माहीत आहे.

२०२५च्या २ ऑक्टोबरला मी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये होतो. शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ साली बांधलेलं, टेंभी नाक्याजवळ. टेंभी नाक्याची देवी ठाण्यातल्या माणसाला सांगायला नको. बाहेर दसऱ्याची गर्दी, ढोल, वाहनांना घातलेल्या झेंडूच्या माळा. आत पांढरे कपडे, पायात चामड्याची चप्पल नाही, सकाळपासून पाणी नाही. उन्हं उतरली आणि शेवटची प्रार्थना सुरू झाली, नेईला. ती वर्षात एकदाच म्हणतात. हेखालची, म्हणजे पवित्र ग्रंथ ठेवायच्या कपाटाची, दारं उघडतात आणि सगळे उभे राहतात, अगदी ज्यांना उभं राहवत नाही तेही बाकाला धरून. शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता, पहिल्यांदाच पूर्ण उपास करत होता. त्यानं हळूच विचारलं, काका, नेईला म्हणजे काय?

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. नेईला म्हणजे दार लावून घेणं. दिवस मावळताना मंदिराची दारं, आकाशाची दारं बंद होतात, त्या वेळची प्रार्थना. हा अर्थ मी तीस वर्षं जाणून होतो. पण तो मराठीत कधी म्हटला नव्हता. आजीला हिब्रू येत नव्हतं, तिच्या आजीला प्रार्थनेचं पुस्तक कसं असतं ते माहीत नव्हतं. ग्रंथ समुद्रात गेले होते. आणि तरी त्या दिवसाला त्या म्हणत होत्या, दार फाळणी.

मी मुलाला म्हटलं, “दार फाळणी.” त्याला काही कळलं नाही. तो मान हलवून पुन्हा पुस्तकात बघू लागला.

शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला तेव्हा बाहेरचा ढोल क्षणभर थांबल्यासारखा वाटला, किंवा मलाच तो ऐकू आला नाही. उपास सोडायला भिजवलेल्या मनुकांचं सरबत होतं, त्याचा पहिला घोट घशातून उतरताना कळत होता. मग आम्ही बाहेर पडलो. फाटकाशी एक बाई ओटीतून आपट्याची पानं काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होती. मलाही दिली. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.” मी दोन्ही हातांनी घेतली, वाकून तिला नमस्कार केला. इमारतींच्या मधल्या फटीत दशमीचा चंद्र वर आला होता, एका बाजूनं अजून चपटा. चार दिवसांनी कोजागिरी, आणि त्याच रात्री आमच्या सुक्कोथचा मांडव उजळणार.

घरी येऊन पानं हलव्याच्या रिकाम्या ताटात ठेवली. पुढचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. उद्या शिळा सण.